कल्हईवाला बरा!

‘कायमस्वरूपी’ हा शब्द मराठी भाषेतून निदान पाच-दहा वर्षे तरी हद्दपार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हा शिक्षकमंडळींना या शब्दाचा अनुभव दांडगा. महाराष्ट्रात एके काळी शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या तत्त्वावर मान्यता मिळत असे, आणि पुढे २००९ साली सरकारनेच त्यातला ‘कायम’ तेवढा काढून टाकला. सरकारी कागदावरचा ‘कायम’ जिथे असा पुसता येतो, तिथे फलकावरच्या ‘कायम’ची काय कथा?

फलक म्हणते तो आमच्या तेलगावचा. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकात पुढाऱ्यांचे वाढदिवस, बियाण्यांची वाणे आणि शिकवणीवर्ग यांच्या फलकांची कायमची दाटी असते. (पाहा, मीही तो शब्द वापरलाच!) त्या दाटीत हल्ली एक नवा फलक आला आहे. त्यावर पांढऱ्याशुभ्र दातांची एक तरुणी हसते आहे आणि खाली लिहिले आहे, ‘कायमस्वरूपी सुंदर हास्य. हप्त्यांची सोय.’ दवाखाना शहरातला. गिऱ्हाईक मात्र आमचे.

मी मॅट्रिक शिकलेली बाई. लहान मुलांना बाराखडी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दंतवैद्यकातले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल. परंतु शब्द हा माझा धंदा आहे, आणि इथे लबाडी जी चालली आहे ती शब्दाचीच आहे. शिवाय ज्यांच्या तोंडात हे ‘हास्य’ बसवले जाते त्या माझ्याच विद्यार्थिनी.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. तिला व्हेनियर म्हणतात. दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला चिनी मातीचा किंवा राळेसारख्या एका कृत्रिम द्रव्याचा पातळ पापुद्रा. पापुद्रा बसायला जागा हवी, म्हणून दाताचे मूळचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते बहुधा थोडेसे तासून काढतात. ‘थोडेसे’ म्हणजे सामान्यतः अर्धा मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला मूळचे कवचच मुळात अर्धा ते एक मिलिमीटर असते, आणि हिरडीजवळ त्याहूनही कमी. केस कापले तर वाढतात, नखे वाढतात, हाडसुद्धा मोडले तर सांधते. इनॅमल मात्र एकदा गेले की गेले. कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच जिवंत असतात. दात उगवला, कारागीर संपले. तेव्हा या साऱ्या प्रकरणात ‘कायमस्वरूपी’ असे जर काही असेल तर ते तासणे आहे. बसवलेला पापुद्रा नव्हे!

या वस्तूचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये चार्ल्स पिंकस नावाचे एक दंतवैद्य होते. हॉलिवुडच्या नटनट्यांचे दात पडद्यावर सुंदर दिसावेत म्हणून त्यांनी पातळ पापुद्रे बनवले आणि कवळी चिकटवण्याच्या पुडीने ते दातांवर लावून दिले. चित्रीकरण संपले की काढून ठेवायचे. त्यांनी ना कोणाचा दात तासला, ना कोणाला ‘कायमस्वरूपी’ म्हटले. नाटकातला मुकुट नाटक संपल्यावर पेटीत जातो तसा तो प्रकार होता. पुढे १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर या संशोधकाने दाखवून दिले की इनॅमलवर सौम्य आम्ल लावून ते खरबरीत केले म्हणजे त्यावर कृत्रिम द्रव्य घट्ट धरते. धातूवर रंग बसावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. १९६२ च्या सुमारास रेफेल बोवेन यांची नवी राळ आली, आणि १९८० नंतरच्या दशकात चिनी मातीचा पापुद्राही असाच चिकटवता येऊ लागला. विद्या उत्तम, शोध खरा, त्यामागचे श्रमही खरे. माझे भांडण त्या शोधाशी नाही. मुकुट आता डोक्यालाच शिवून देतात आणि वर सांगतात की राज्य कायमचे तुमचे, याच्याशी आहे.

माझ्या लहानपणी दारावर कल्हईवाला येत असे. भाता लावी, पातेले तापवी, नवसागर टाकी आणि कथलाचा तो चकचकीत हात फिरवी. घरातली वडीलधारी बाई विचारी, “किती दिवस टिकेल?” तो म्हणे, “वापरावर हाय, बाई. पुन्हा येतोच की मी.” बस्स! एवढेच! त्याने कधी कायमस्वरूपी कल्हई विकली नाही. आणि मुख्य म्हणजे कल्हई बसावी म्हणून त्याने आमचे पातेले कधी कानशीने पातळ केले नाही. त्या अडाणी माणसाचा धंदा आजच्या वातानुकूलित दवाखान्यातल्या काही धंद्यांपेक्षा अधिक प्रामाणिक होता असे म्हटले, तर कोणी रागावू नये. रागवायचेच असेल त्यांनी आधी पुढचा हिशेब वाचावा.

चिनी मातीचा पापुद्रा चांगल्या हाताने बसवला आणि नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षे टिकतो. क्वचित वीस वर्षेही. राळेचा पापुद्रा स्वस्त, एका बैठकीत होणारा, परंतु त्याचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे. त्याचा रंग चहाने, हळदीने, तंबाखूने बदलतो. चिनी मातीचा रंग सहसा बदलत नाही, परंतु जिथे पापुद्रा आणि दात जुळतात ती कड काळवंडते, हिरडी वयाप्रमाणे वर सरकली की ती कड उघडी पडते, आणि कडेखाली कीड शिरली तर बाहेरून पत्ताही लागत नाही. आता बावीस वर्षांच्या मुलीने लग्नाआधी पुढचे आठ दात करून घेतले असे धरू. पस्तिशीच्या आसपास ते बदलायचे, पन्नाशीत पुन्हा, पासष्टीत पुन्हा. दर खेपेला जुना पापुद्रा उकरून काढताना आतला दात आणखी थोडा झिजायचा. ‘नको बाई, आता पुरे’ म्हणण्याची सोय नाही, कारण खालचा दात उघडा ठेवण्याजोगा उरलेलाच नसतो. शहरात चिनी मातीच्या एका दाताला आज दहा-पंधरा हजार रुपये सहज पडतात. आठ दातांचा लाखभर होतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको, ज्यांना आम्ही ‘एक कोयता’ म्हणतो, मुकादमाकडून सबंध हंगामाची उचल घेतात ती बहुधा याच घरातली. म्हणजे एका मुलीच्या हसण्यासाठी एक हंगाम ऊस तोडायचा, आणि ते हसू दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा विकत घ्यायचे.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट ऐका. नाव सांगत नाही. शेजारच्या खेड्यातली मुलगी, हुशार, गोड गळ्याची. दातांवर लहानपणापासून फिकट तपकिरी डाग. दोन स्थळांनी ‘मुलगी छान आहे, पण दात...’ असे म्हणून नारळ दिला. तिसरे स्थळ येण्याआधी वडिलांनी कर्ज काढून शहरातल्या एका दवाखान्यात तिचे वरचे आठ दात करून आणले. लग्न झाले. सहा वर्षांत एका दाताचा टवका उडाला, दोन पिवळे पडले, एकाची कड काळी झाली. ती दाखवायला गेली तर त्या जागी मोबाइलचे दुकान! दुसऱ्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की हे राळेचे आहेत, यांचे आयुष्य संपले, सगळेच बदलावे लागतील. तिच्याजवळ हमीपत्र होते. ते तिने मला वाचायला दिले. वर ठळक अक्षरांत ‘आजीवन’, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलेले की ही हमी कारखान्यातून निघालेल्या द्रव्याच्या दोषापुरती आहे. तुटणे, निघणे, रंग बदलणे, काहीही तिच्यात बसत नव्हते. ‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन, हे मात्र त्या कागदावर कुठेच नव्हते. दवाखान्याचे म्हणावे तर ते आटोपले होते.

“बाई, कायमचे म्हणाले होते,” एवढेच ती म्हणाली.

यावर मला एक उत्तर हमखास मिळते. ‘अहो, माणसाने हौस करू नये का? तुमची साहित्यिक मंडळी सौंदर्यावर पानेच्या पाने लिहिता, आणि पोरीने दात पांढरे केले की तुमच्या पोटात दुखते!’ हौस जरूर करावी. नथ घालावी, गजरा माळावा, पैठणी नेसावी. नथ काढून ठेवता येते, आणि अडचणीला मोडताही येते. परंतु सौंदर्याच्या कल्पना किती लवकर पालटतात ते जरा पाहा. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळी सुवासिनीचे दात काळे असणे हे भूषण होते. त्यासाठी ‘दातवण’ नावाची खास पूड असे, आणि ते लावणे हा सौभाग्याचा शृंगार समजला जाई. तिकडे जपानातही थोर घराण्यांत दात काळे करण्याची चाल शतकानुशतके होती. १८७० मध्ये सरकारने दरबारी मंडळींना तिची बंदी केली. म्हणजे काही पिढ्यांमागे काळ्या दातांची सून शोधत होते, आज बर्फासारख्या दातांची शोधतात. उद्या काय शोधतील ते सांगता येत नाही. निरोगी दात मुळी बर्फासारखा पांढरा नसतोच. इनॅमल किंचित पारदर्शक, त्याखालचा थर पिवळसर, म्हणून दाताला मोत्यासारखी जरा पिवळट झाक असते. मोत्याची उपमा देणाऱ्या आपल्या कवींना हे ठाऊक होते. फलकावरच्या तरुणीच्या दातांना उपमा द्यायची झाली तर मला स्नानगृहातल्या फरशीचीच आठवण येते. आणि हे वेड फक्त आपलेच नाही. इंग्लंडातली तरुण मंडळी स्वस्तात दात करून घ्यायला तुर्कस्तानात जातात. तिथे पुष्कळांचे दात सर्व बाजूंनी तासून खुंटीएवढे करतात आणि वर टोप्या बसवतात. मागाहून घरी परतल्यावर तिथले दंतवैद्य कपाळाला हात लावतात.

आता खरा मुद्दा. त्या मुलीच्या दातांवर डाग आले कुठून? तिने दात घासले नाहीत म्हणून नव्हे. पाण्यातून आले. खडकाच्या पोटातल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर फार तर दीड, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेले तर जबड्यात घडत असलेल्या दातांचे इनॅमल बिघडते, आणि दात उगवतात तेच डागाळलेले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅकके या दंतवैद्याने १९०१ पासून अशा डागांचा पाठपुरावा केला. कारण सापडायला १९३१ साल उजाडले. आपल्या देशात १९३७ मध्ये त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात या विकाराची नोंद झाली. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत असे पाणी आढळते त्यांत आमचा बीडही आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर गावोगाव बोअर घेतले गेले, हातपंप बसले, आणि लोकांचे जीव वाचले, हे विसरून चालणार नाही. पण आडाचे पाणी सोडून आम्ही खोल खोल गेलो, आणि त्या खोलीतून काय वर येते आहे ते पाहायचे पुष्कळ ठिकाणी राहून गेले.

डाग पडायचे ते साधारण आठव्या वर्षाच्या आत ठरून जाते. म्हणजे बाविसाव्या वर्षी जी मुलगी ‘दात खराब’ म्हणून नाकारली जाते, तिच्या तोंडात तिच्या गावच्या पाण्याचा दाखला असतो. नाकारणाऱ्यांचे स्वतःचे गाव दहा कोसांवर, तिथलेही पाणी त्याच खडकाचे! आणि बाप काय करतो? कर्ज काढून दाखल्यावर पापुद्रा चिकटवतो. बोअर तोच. त्या मुलीचे लेकरू पहिल्या बाळंतपणाला आजोळी आले की त्याच बोअरचे पाणी पिणार. आठ दातांच्या पैशात सबंध गावाच्या पाण्याची तपासणी कितीदा होईल याचा हिशेब कोणी केला आहे काय? भूजल खात्याच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि २०१९ च्या जलजीवन मिशनपासून गावांना पाणी तपासायच्या पेट्याही दिल्या गेल्या. पेटी कुठे आहे असे ग्रामसभेत विचारायला हप्ता पडत नाही.

इथे मी एक कटू गोष्ट लिहिते आहे. सणाच्या अंकात ती नको, असे संपादकांना वाटले तर त्यांनी खुशाल गाळावी. बीड जिल्ह्याचे नाव काही वर्षांमागे देशभर गाजले ते ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळे. २०१९ मध्ये सरकारला त्याची चौकशी करायला समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाका, कटकट कायमची मिटेल’ असे ज्यांना सांगितले गेले, त्यांना पुढे काय भोगावे लागते ते आमच्या गावागावांत पाहायला मिळते. दात आणि गर्भाशय यांची बरोबरी होत नाही हे मला समजते. परंतु अंगातले जे परत येणार नाही ते काढण्याआधी गरीब बाईला तिच्या भाषेत नीट सांगायचे असते, हा धडा जर त्या प्रकरणातून आपण शिकलो नसू, तर लहान वस्तूंपासून तरी शिकू या.

दंतवैद्यांपैकी पुष्कळ जण सचोटीचे आहेत, आणि मला हे जे चार शब्द समजले ते अशाच एका सज्जन डॉक्टरांकडून. त्यांचे म्हणणे असे की पडून मोडलेला पुढचा दात, फार खोलवर गेलेले डाग, जन्मतः वेडावाकडा घडलेला दात, अशा ठिकाणी व्हेनियर हे वरदान आहे. पण फिकट डाग बहुधा वरच्या थरातच असतात. ते हलकेच घासून किंवा औषधाने उजळून पुष्कळ कमी होतात, तासावे लागत नाही. नुसता पिवळसर पण निरोगी दात तासणे त्यांना स्वतःला पटत नाही. असा माणूस फलक लावत नाही, म्हणून त्याचा पत्ता कोणाला लागत नाही, हीच तर रड आहे.

माझे मागणे मोठे नाही. दवाखान्यात दात तासण्याआधी एक कागद मराठीत लिहून द्यावा. त्यात पापुद्रा कशाचा, किती वर्षांचा, दात किती तासणार, बदलायला किती पैसे पडतील, तासल्याशिवाय दुसरा उपाय आहे काय, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, एवढे असावे. १९४८ च्या कायद्यापासून दंतवैद्याला नोंदणी आवश्यक आहे. ती विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. आणि वरपक्षाच्या मंडळींना एवढेच विचारते, बैलबाजारात जनावराचे तोंड उघडून दात मोजतात, ती रीत तुम्ही दिवाणखान्यात कशाला आणली?

ज्यांनी व्हेनियर बसवून घेतले आहेत त्यांना मात्र मी घाबरवू इच्छित नाही. सांभाळले तर ते पुरे आयुष्य जगतात, आणि सांभाळणे अवघड नाही. मऊ ब्रश, साधी फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा घासणे, हिरडीजवळची कड हलक्या हाताने साफ करणे. राखुंडी, कोळशाची पूड आणि मशेरी, जिला आमच्याकडे मिसरी म्हणतात, यांना तोंडात थारा नको. मिसरी ही तंबाखूच. ती पापुद्र्याची झिलई घालवते आणि हिरडीची नासाडी करते, कर्करोगाची भीती तर निराळीच. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांकडून रात्रीपुरते बसवायचे आवरण करून घ्यावे, कारण पापुद्रे फुटतात त्यात या सवयीचा वाटा मोठा असतो. सहा महिन्यांनी एकदा कड तपासून घ्यावी. दाताने दोरा तोडू नये, पिन उघडू नये, बाटलीचे झाकण काढू नये, सुपारी फोडू नये.

आणि तेलगावात राहून सर्वांत कठीण पथ्य म्हणजे उसाचे. इथे साखर कारखाना, हंगाम सुरू झाला की रस्त्याने उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि गाडीतला ऊस ओढून दातांनी सोलून खाणे हा आमच्या पोरासोरांचा जन्मसिद्ध हक्क. व्हेनियरवाल्यांनी ऊस कोयत्याने सोलून, गंडेऱ्या करून दाढेखाली घ्यावा. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी गावे ऊसतोडीला निघतात आणि कित्येक घरांची दिवाळी फडातच होते. तिथे गंडेऱ्या करायला कोयत्याची वाण नाही. घरी राहणाऱ्यांनी यंदाच्या फराळात कडबोळे हाताने मोडावे, पाक जास्त झालेल्या लाडवाला आधी बत्त्याने समजावावे, आणि मुलीला पाहायला मंडळी येणार असतील तर त्यांच्या ताटात त्यातला एखादा न फोडता ठेवावा.